डाग आणि खुणा
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझा धंदा वाद्यांच्या दुरुस्तीचा. वाद्य दुरुस्त करणे म्हणजे तारा बदलणे, सैल खुंट्या घट्ट करणे, सुटलेला जोड सरसाने चिकटवणे, असे लोकांना वाटते. ते तर आहेच. पण माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जुन्या गिटारींचा आवाज अगदी ठणठणीत असतो. बिघडलेले असते ते अंग. कुठे टवका उडालेला, कुठे भेगांचे जाळे, कुठे चिकट डाग. मालक विचारतो, ‘हे जाईल का हो? आणि कळणार नाही ना?’ आज मला या दोन प्रश्नांबद्दलच बोलायचे आहे. पहिल्याचे उत्तर देणे सोपे आहे. दुसऱ्याचे अवघड.

गिटारच्या लाकडावर जो पातळ चकचकीत थर असतो, तो चांगल्या जुन्या गिटारवर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. पोस्टकार्डाहूनही पातळ. एवढ्याशा थरात लाकडाचे रक्षण, रंग, चमक आणि वाद्याचे वय हे सगळे साठवलेले असते. काचपेपरचे चार हात जोरात मारले की पन्नास-साठ वर्षे पुसली जातात. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या हातून ते झालेले आहे. त्याची हकीकत पुढे येईलच.

माझे वडील गिरगावात फर्निचरला पॉलिश करीत. घरात कायम स्पिरिटचा वास असे. लाखेचा चपडा रात्री स्पिरिटमध्ये भिजत घालायचा, सकाळी तो गाळून घ्यायचा, कापसाचा बोळा जुन्या मलमलीत गुंडाळायचा आणि लाकडावर हात फिरवत राहायचे. ही लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर राहणाऱ्या एका किड्याने स्रवलेली राळ. झारखंड, छत्तीसगड या भागांतून ती येते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या नामांकित गिटारींवरही या लाखेचेच पॉलिश असे. म्हणजे आपल्या जंगलातला किडा आणि त्यांची गिटार यांचे नाते जुने आहे. मिरजेच्या ज्या सतारींना आणि तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांच्या भोपळ्यावर आणि दांडीवरही लाखेच्या पॉलिशचा हात फिरत आला आहे.

मग १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत एक नवी वस्तू आली, नायट्रोसेल्युलोज लॅकर. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होते. ती क्रिया पुढपर्यंत नेली तर स्फोटक होते, आवरती घेतली तर थिनरमध्ये विरघळणारा, रंगाला उपयोगी पदार्थ मिळतो. सिनेमाच्या जुन्या फिल्मही याच कुळातल्या. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या फिल्मांना आग लागली होती, त्या याच नायट्रेटच्या. म्हणून माझ्या कारखान्यात कोणी विडी पेटवली तर मी आधी त्याला बाहेर काढतो, मग नमस्कार-चमत्कार.

ड्यू पाँ या कंपनीने हे लॅकर ‘ड्युको’ या नावाने मोटारींसाठी बाजारात आणले, ते १९२३ मध्ये. त्याआधी मोटारीला रंग देऊन तो वाळवायला आठवडे लागत. आता ते काम काही तासांवर आले. ड्युको हे नाव आपल्याकडेही किती रुजले बघा. लोखंडी कपाटाला किंवा खुर्चीला पंपाने रंग मारला की आपला रंगारी आजही म्हणतो, ‘साहेब, ड्युको केलंय.’ मोटारींना जे सोयीचे ठरले ते गिटार कारखान्यांनीही उचलले. गिब्सन, मार्टिन, फेंडर या कंपन्यांच्या ज्या जुन्या गिटारींसाठी आज लोक लाखो रुपये मोजतात, त्यांतल्या बहुतेकींवर हेच लॅकर आहे. फेंडरने तर आपल्या खास रंगांसाठी मोटारींच्याच रंगांची पत्रके वापरली.

या लॅकरचा एक गुण आणि एक अवगुण समजला की दुरुस्तीचे अर्धे शास्त्र समजते. गुण असा, की ते वाळते म्हणजे त्यातले थिनर फक्त उडून जाते. सिमेंटसारखी त्यात रासायनिक पकड होत नाही. त्यामुळे पन्नास वर्षांनी जरी त्यावर ताज्या लॅकरचा थेंब टाकला, तरी त्यातल्या थिनरने जुना थर किंचित विरघळतो आणि नवे-जुने एकजीव होतात. साखरेच्या वाळलेल्या पाकावर गरम पाक ओतल्यासारखे. १९६८ च्या सुमारास फेंडरने आणि मग इतरांनीही जे पॉलिएस्टर, पॉलियुरेथेनचे जाड थर द्यायला सुरुवात केली, त्यांच्यात हे होत नाही. तिथे नवा थर जुन्यावर नुसता बसून राहतो आणि त्याची कड दिसते.

अवगुण असा, की नायट्रोसेल्युलोज म्हातारे होते. उजेडाने आणि हवेने त्याचे रेणू तुटत जातात, ते पिवळे पडते. त्याला लवचीक ठेवणारी द्रव्ये हळूहळू निघून जातात, मग ते ठिसूळ होते. खालचे लाकूड मात्र पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. ठिसूळ थराला ती ओढाताण सोसत नाही आणि त्याला केसासारख्या बारीक भेगा पडतात. गार विमानातून आलेली गिटार पेटी उघडून एकदम उकाड्यात काढली तर या भेगा डोळ्यांदेखत पडू शकतात. टिकटिक असा आवाजही ऐकू येतो. म्हणून पेटी आली की ती काही तास बंदच ठेवावी.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. दोन वर्षांपूर्वी माहीमच्या एक बाई माझ्याकडे आल्या. साठीच्या असतील. बरोबर जुनी काळी पेटी. वडील मूळचे गोव्याचे, मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवून त्यांनी घर चालवलेले. त्या काळी स्टुडिओतले कितीतरी वादक गोव्याचेच असत. पेटीत गिब्सनची १९५० नंतरच्या दशकातली, पोकळ पोटाची गिटार होती. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कालामाझू गावी बनलेली. रंग सनबर्स्ट, म्हणजे मध्ये मधासारखा पिवळा आणि कडेकडे गडद होत गेलेला तपकिरी.

बाई म्हणाल्या, ‘मिस्त्री, विकायची आहे. घराच्या दुरुस्तीला पैसे हवेत. पण कपाटावरून काढताना माझ्याच हातून पडली. एक दलाल म्हणाला, आधी रंगवून नवी करून घ्या, भाव चांगला येईल. शेजारचा मोटारी रंगवणारा दोन दिवसांत करून देतो म्हणतोय.’

मी म्हटले, ‘बाई, आधी बसा, पाणी घ्या. आणि त्या मोटारवाल्याला आज तरी नको म्हणून सांगा.’

कारण बाजाराचा न्याय उलटा आहे. जुन्या गिटारचा मूळ थर काढून ती नव्याने रंगवली, तर तिची किंमत साधारण निम्म्यावर येते असे या व्यवहारात धरतात. खरचटलेली पण अस्सल गिटार नव्या कोऱ्या रंगाच्या गिटारपेक्षा महाग. शिवाय एकदा काढलेला थर परत येत नाही.

मी गिटार उजेडात धरली. तिच्यावर चार प्रकारच्या गोष्टी होत्या. एक, पडल्यामुळे कडेला रुपयाच्या नाण्याएवढा टवका उडाला होता आणि पांढरे लाकूड दिसत होते. दोन, पाठीवर रेक्झिनच्या पट्ट्याने उठलेला चिकट, सुरकुतलेला डाग. पट्टा वर्षानुवर्षे पेटीत गिटारला लपेटून ठेवला होता. रेक्झिन मऊ राहावे म्हणून त्यात जी तेलकट द्रव्ये घालतात ती लॅकरमध्ये उतरतात आणि त्याला मऊ करतात. तीन, सगळ्या अंगावर भेगांचे जाळे. आणि चार, वरच्या कडेला, वाजवणाऱ्याचा उजवा हात जिथे टेकतो तिथे, तळहाताएवढ्या जागेतले लॅकर झिजून लाकूड गुळगुळीत, काळपट झालेले.

दुरुस्तीआधी एक चाचणी करावी लागते. थर कशाचा आहे? पेटीवर कंपनीचे नाव आहे म्हणून गृहीत धरून चालत नाही, मध्ये कोणी रंगवलेली असू शकते. खुंट्यांच्या पट्टीखाली, जिथे कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, काडीला कापूस लावून स्पिरिटचा थेंब लावायचा. चटकन चिकट झाले तर लाख. तिथे फारसे काही झाले नाही आणि थिनरच्या थेंबाने विरघळले तर नायट्रोसेल्युलोज. दोन्हींना दाद दिली नाही तर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन. दुसरी चाचणी नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याची. अंधारात तो दिवा धरला की जुने नायट्रो लॅकर हिरवट पिवळे उजळते, लाख केशरी दिसते आणि नव्या लॅकरचे ठिगळ काळपट राहते. ही गिटार सगळीकडे सारखी हिरवट उजळली. म्हणजे कोणी हात लावलेला नव्हता.

मग साफसफाई. यासाठी नॅफ्था वापरतात, लायटरमध्ये भरतात त्या जातीचे. ते मेण आणि हाताचे तेल काढते, पण लॅकरला धक्का लावत नाही. यात सर्वांत मोठा शत्रू म्हणजे सिलिकॉन असलेले मोटारीचे किंवा फर्निचरचे पॉलिश. ते भेगांमधून आत शिरलेले असले की नवे लॅकर तिथे टिकत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

आता रंग. लोकांना वाटते, तपकिरी डागाला तपकिरी रंग लावला की झाले. तसे नसते. तुम्हाला जो रंग दिसतो तो तीन थरांचा मिळून असतो. खाली लाकूड, तेही उजेडाने पिवळसर झालेले. त्यावर रंगीत लॅकर. त्यावर बिनरंगी लॅकर, पण आता वयाने चहासारखे झालेले. फेंडरचा निळा रंग जुन्या गिटारींवर हिरवट दिसतो आणि पांढरा सायीसारखा, तो या वरच्या पिवळ्या थरामुळे. खालचा रंग निळाच असतो. उलट गिब्सनच्या १९५८ ते १९६० च्या लेस पॉल गिटारींत खालचाच रंग गेला. कडेच्या सनबर्स्टमधला लाल रंग उजेडाने उडाला, आणि कित्येक गिटारी लिंबासारख्या किंवा मधासारख्या पिवळ्या झाल्या. वरचे प्लॅस्टिक काढले तर त्याखाली अजून लाल सापडतो. म्हणून रंग जुळवताना ‘हा रंग कोणता’ असे विचारायचे नसते. ‘हा रंग कोणत्या थरात आहे’ असे विचारायचे असते.

रंगद्रव्यही दोन तऱ्हेचे. कोरा चहा कपात ओतला तर कपाचा तळ दिसतो. दूध घातले की दिसत नाही. विरघळणारा रंग हा कोऱ्या चहासारखा, त्यातून लाकडाच्या रेषा दिसतात. पूड रंग दुधासारखा, तो झाकतो. सनबर्स्टचे काम कोऱ्या चहाने करायचे. घाईने दूध ओतले की ठिगळ दिसलेच म्हणून समजा.

बाईंच्या गिटारच्या उघड्या लाकडावर मी आधी नॅफ्थाचा ओला हात फिरवला. लाकूड ओले झाले की वर लॅकर आल्यावर ते कसे दिसेल याचा अंदाज येतो. फिका, दुधी पिवळा रंग आला. शेजारच्या जुन्या भागाशी तुलना केली तर बरीच तफावत. म्हणून पहिला हात स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या पिवळ्या रंगाचा, अगदी पातळ. यात एक नियम कधी मोडायचा नाही. हवा त्यापेक्षा फिकाच रंग लावायचा. फिक्याचा गडद करता येतो, पण लाकडात मुरलेला गडद रंग मागे घेता येत नाही. आमटीतल्या मिठासारखेच ते.

पिवळा वाळल्यावर तो हलू नये म्हणून बिनरंगी लॅकरचा एक पातळ हात. मग तपकिरी. रुपयाएवढी जागा, पण ती नेमकी सनबर्स्टच्या कडेला, म्हणजे तेवढ्यात तीन छटा. मी प्रत्येक छटा आधी काचेच्या लहान पट्टीवर लावतो, वाळू देतो आणि ती पट्टी जुन्या रंगाशेजारी धरून बघतो. ओल्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. ट्यूबलाइटवर तर मुळीच नाही. साडीच्या दुकानात जुळलेला ब्लाउजपीस घरी आल्यावर वेगळा दिसतो, हा अनुभव घरोघरी आहे. दोन रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात, कारण ते वेगवेगळ्या द्रव्यांतून बनलेले असतात. म्हणून मी रंग जुळवतो तो सकाळी दहानंतर, सावलीतल्या उत्तरेच्या उजेडात, आणि मग तो पिवळ्या बल्बखालीही तपासतो. गिटार रात्रीच्या कार्यक्रमात वाजते, तिथे सूर्य नसतो.

माझा तपकिरी जुळला, पण तो थंड दिसत होता. शेजारचा रंग जणू उन्हात बसलेला आणि माझा सावलीत. तांबूस घालावे असा मोह झाला. पण चूक तिथे नव्हती. कमी होता तो वरचा म्हातारा पिवळा थर. म्हणून तपकिरी तसाच ठेवून वरच्या बिनरंगी लॅकरमध्ये पिवळ्या-तांबूस रंगाचे दोन थेंब टाकले. काचेवर बघितले, आणि जुळले.

आता खड्डा भरणे. लॅकर बारीक ब्रशने किंवा टोकदार काडीने थेंबाथेंबाने सोडायचे. वापरतो त्या पातळ लॅकरमध्ये घन पदार्थ पाव हिश्श्याच्या आसपास, बाकी थिनर उडून जाते. म्हणजे काठोकाठ भरलेला खड्डा दुसऱ्या दिवशी पुन्हा खोल दिसतो. मग पुन्हा थेंब. असे रोज एक-दोन थेंब, दोन आठवडे. एकदम भरायला गेले तर वर साय धरते, आत थिनर अडकते आणि महिन्याभराने तिथे खळगा पडतो. खड्डा शेजारच्या पातळीपेक्षा किंचित वर आला की थांबायचे आणि गिटार महिनाभर टांगून ठेवायची.

हे काम मी पावसाळ्यात करीत नाही. मुंबईत तेव्हा हवेतला ओलावा ऐंशी टक्क्यांच्या वर असतो. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, आणि गार पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम येतो तसे हवेतले पाणी लॅकरवर बसते. थर दुधाळ, पांढुरका होतो. सावकाश उडणारे थिनर मारून तो पांढुरका रंग घालवता येतो, पण मुळात दसऱ्यापर्यंत थांबणे चांगले. बाई जुलैत आल्या होत्या. घराचे काम अडलेले, तरी त्या थांबल्या.

शेवटी सपाटी. दाढीच्या पात्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावायची, मधला अर्धा इंच उघडा ठेवायचा. पट्टीच्या जाडीमुळे पाते जुन्या लॅकरपासून केसभर वर राहते आणि फक्त उंचवटा खरवडला जातो. मग साबणाच्या पाण्यात हजार, पंधराशे, दोन हजार नंबरचा पाण्याचा पेपर, बोटाच्या टोकाएवढ्या लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. आणि रबिंग कंपाउंड अगदी थोडे. इथे पुष्कळांचा हात बिघडतो. चमक आली की आणखी चमकवावेसे वाटते. पण शेजारचा भाग सत्तर वर्षांचा, मंद झालेला. त्यात आरशासारखा ठिपका हा टवक्याहून जास्त डोळ्यात भरतो. जेवढी शेजाऱ्याची चमक तेवढीच याची.

पाठीवरच्या चिकट डागाला औषध म्हणजे धीर. नॅफ्थाने पुसून दोन महिने उघड्या हवेत ठेवला, बराचसा कडक झाला, मग हलकेच सपाट केला. त्याची सावली राहिली. भेगांच्या जाळ्याला मी हात लावला नाही. काही कारागीर नव्या ठिगळावर पात्याने खोट्या भेगा ओढतात. मी ओढत नाही.

राहिली ती हाताने झिजलेली जागा. बाई म्हणाल्या, ‘ती पण भरून टाका ना, सगळे एकसारखे दिसेल.’ तेव्हा मी त्यांना माझी हकीकत सांगितली.

पंचवीस वर्षे झाली. मी नवा होतो, हात शिवशिवत असायचे. एक निवृत्त वादक आपली जुनी गिटार घेऊन आले, म्हणाले, ‘जरा नीट करून दे रे बाळा.’ मी रिमूव्हर लावून सगळा थर खरवडून काढला, काचपेपर मारला, आठ हात लॅकर चढवले. तोंड दिसावे अशी चमक. ते न्यायला आले. त्यांनी गिटार मांडीवर घेतली आणि उजवा हात तबलीवर ठेवला. मग उचलला, पुन्हा ठेवला. जागा सापडेना. खालच्या कडेला सिगारेटचा एक डाग होता, त्यावरून त्यांनी बोट फिरवले. तोही नव्हता. ते मला रागावले नाहीत. ठरलेले पैसे दिले, एक रुपयाही कमी केला नाही, आणि गेले. नंतर ते कधी माझ्याकडे आले नाहीत. वडिलांना सांगितले तर ते एवढेच म्हणाले, ‘त्यांनी नीट करायला सांगितली होती. तू नवी केलीस.’

बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग आपला हात त्या झिजलेल्या जागेवर ठेवून म्हणाल्या, ‘राहू दे. हे पडल्यामुळे झालेले नाही.’ मी तिथे काही केले नाही, फक्त मळ बसू नये म्हणून मेणाचा एक हात दिला. तो कधीही पुसून काढता येतो.

खरी अडचण त्यानंतर आली. दलाल गिटार बघायला आला. त्याने कड तीनदा फिरवून बघितली, त्याला टवका सापडला नाही. खूश झाला. मी पेटीत एक कागद ठेवला होता. त्यावर लिहिले होते, कोणत्या जागी किती मोठा टवका होता, कोणते लॅकर, कोणते रंग वापरले, कोणत्या महिन्यात काम झाले. दलाल म्हणाला, ‘हा कागद कशाला? डोळ्याला दिसत नाही ते लिहून भाव कशाला पाडता?’

मी म्हटले, ‘डोळ्याला दिसत नाही म्हणूनच लिहिले आहे. जांभळ्या दिव्याखाली दिसेलच. आज दिव्याशिवाय घेणारा उद्या दिवा आणेल.’ पण वस्तू माझी नव्हती. पैशाची गरज बाईंना होती, मला नव्हती. म्हणून निर्णय त्यांच्यावर सोडला आणि आत निघून गेलो.

बाईंनी कागद पेटीतच ठेवला. दलालाने किंमत खाली आणली, त्यांनी त्याला दिली नाही. पुढे दोन महिन्यांनी पुण्याच्या एका वादकाने घेतली. त्याने कागद वाचला, दिव्याखाली ठिगळ बघितले, आणि म्हणाला की लपवलेले नाही म्हणजे बाकीची गिटार खरी आहे हे कळले. भाव पहिल्या दलालाच्या आकड्यापेक्षा थोडा कमीच आला, हेही खरेच सांगतो. प्रामाणिकपणाला दर वेळी बक्षीस मिळते असे नाही. बाईंच्या घराचे छत मात्र त्यात झाले.

तुमच्याकडे जुनी गिटार, व्हायोलिन, हार्मोनियम असेल तर घरच्या घरी पाळण्याजोग्या काही गोष्टी सांगतो. कोरड्या सुती कापडाने पुसा, मोटारीचे पॉलिश लावू नका. खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगू नका, रंग उडतो. रेक्झिनचा पट्टा किंवा रबराचा स्टँड लॅकरला टेकून ठेवू नका, मध्ये सुती कापड घाला. पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवू नका. उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नका. थिनरचे काम स्वतः करायला जाऊ नका, त्याची वाफ फुप्फुसाला वाईट आणि आगीला आवडती. आणि टवका उडालाच, तर तो तुकडा केरात टाकू नका. काड्यापेटीत घालून कारागिराकडे न्या. मूळ तुकडा परत बसवता आला तर रंग जुळवायचा प्रश्नच येत नाही. माहीमच्या बाईंनी तो झाडून टाकला होता, नाहीतर माझे चार महिने वाचले असते.

आणि कारागिराला नुसते ‘नीट करा’ असे सांगू नका. कोणता डाग काढायचा आणि कोणती खूण ठेवायची, हे बोट ठेवून दाखवा. आम्ही रंग जुळवू शकतो. कोणता डाग कसला आहे, ते तुम्हालाच ठाऊक असते.